पेन्सिलीने लिहिलेला ताप

गेल्या रविवारी तुम्ही व्हिडिओवर होतात. तुमच्या आईची मैत्रीण तिच्या महिनाभराच्या बाळाला घेऊन तुमच्याकडे आली होती आणि आईने हौसेने फोन त्या बाळाकडे वळवला. मी म्हणाले, "ताई, घे की त्याला मांडीवर, मला नीट दिसू दे." फोन तुझ्याकडे वळला. तू भिंतीला टेकून उभी होतीस, दोन्ही हात मागे. धाकटा सोफ्यावरून ओरडला, "आजी, ती बेबीजना टच नाही करत. नेव्हर." तू त्याच्याकडे न बघताच म्हणालीस, "नको. याला मीच दिलं होतं ना."

तुझी आई हसून म्हणाली, "काय गं वेड्यासारखं," आणि विषय बदलला. कोणीतरी चहाचं विचारलं. मला मात्र फोन बंद झाल्यावरही उठता आलं नाही. आजोबा पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. चार वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी तुझा हात त्यांच्याच हातात होता.

म्हणून हे लिहिते आहे. ताई, तू आता दहा वर्षांची आहेस. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, पण वाचता येतं. अडेल तिथे आईला विचार. आईलाही यातलं एक पान माहीत नाही, तेही तिला याच निमित्ताने कळेल. मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि मुलांना सांगत आले की जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहावं, मध्ये स्वतःची बाजू मांडू नये. बघू, मला जमतं का.

तुमची आई दुसऱ्या बाळंतपणाला रत्नागिरीला आली, तेव्हा तुम्ही पुण्याला राहत होतात. तू सहा वर्षांची होतीस आणि तुझी शाळा नुकतीच ऑनलाइनमधून बाहेर आली होती. करोना ओसरला होता तरी घराघरात दाराशी सॅनिटायझरची बाटली असायची. आमच्या दाराशीही होती. मी ती भरलेली आहे की नाही हे रोज सकाळी बघत असे.

धाकटा जन्मला आणि मी एक वही सुरू केली. दोनशे पानी, रेघांची. डावीकडे वेळ, मग दूध, शी-शू, झोप, आणि शेवटच्या रकान्यात ताप. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, दोनदा काखेत थर्मामीटर. तुझे आजोबा पस्तीस वर्षं जहाजावर होते, ते या वहीला लॉगबुक म्हणत. "कप्तानसाहेब, आज समुद्र कसा आहे?" असं सकाळी दारात उभं राहून विचारत. तुझी आई हसायची. मीही हसायचे, पण एक ओळ चुकवायची नाही.

माझी एक सवय तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावर येतं. शाळेत वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे असे. एका शिक्षकाचा तास हलला की पाच वर्ग हलतात, म्हणून मी सगळं आधी पेन्सिलीने लिहायचे, आणि पक्कं झालं की त्यावर पेन फिरवायचे. ती सवय निवृत्त झाल्यावरही राहिली. वाणसामानाची यादी, गॅसचा नंबर लावल्याची नोंद, बाळाची वही. आधी पेन्सिल, मग पेन.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला एक मावशी येत. कोल्हापूरच्या रस्त्यावर पाली लागतं, त्याच्या अलीकडच्या वाडीतून रोज सकाळच्या एसटीने उतरत आणि चालत घरी येत. हडकुळ्या, पण हातांचे पंजे मोठे. घरात आल्या की आधी चुलीसारखी शेगडी पेटवायच्या, तेलाची वाटी तिच्यावर ठेवायच्या, आणि मग चहा. त्या मला 'बाई' म्हणत, कारण त्यांचा भाचा माझ्या वर्गात होता. "बाई, तुमच्या मारानं तो आज मुंबईला हापिसात हाय," असं त्या म्हणत. मी कोणाला कधी मारलं नव्हतं, पण हे त्यांना पटवणं शक्य नव्हतं.

तुला त्या आठवतात का? तुझ्या केसांनाही त्या तेल लावून द्यायच्या आणि तू ओरडायचीस.

बारशाच्या तीन दिवस आधी तुला जुलाब झाले. दीड दिवस. थोडं नाकही गळत होतं. मी तुला मीठ-साखरेचं पाणी दिलं, मऊ भात दिला, तू बरी झालीस आणि दुसऱ्या दिवशी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होतीस. तुझी आई तेव्हा मला म्हणाली होती, "आई, बारसं पुढे ढकलायचं का? आठ दिवसांनी करू." मी म्हणाले, "बाराव्या दिवसाचं बारसं बाराव्या दिवशी. सगळ्यांना सांगून झालंय. घुगऱ्यांचे हरभरेसुद्धा आणलेत." हा निर्णय माझा होता, तुझ्या आईचा नव्हता, आणि तुझा तर नव्हताच. तू तेव्हा फक्त विचारलं होतंस, "मी बाळाजवळ जाऊ ना आता?" आणि मी म्हणाले होते, "हात स्वच्छ असले की जा."

तीसेक बायका आल्या. एकेकीच्या हातावर मी स्वतः सॅनिटायझर ओतलं. एक जण म्हणाली, "बाई, पंगतीत तूप वाढावं तसं वाढताय." बारशात पाळण्याच्या खालून-वरून बाळाला एकमेकींच्या हातात देतात, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या म्हणत. तुझ्या लहानपणीही तसंच केलं होतं. धाकटा किती हातांतून फिरला हे मी मोजलं नाही. दोघी-तिघींनी त्याच्या मुठी ओठांना लावल्या. एकीने तर आपलं बोट त्याच्या तोंडाशी नेलं आणि तो ते चोखायला लागला, तेव्हा सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या आठवड्यात माझाही घसा खवखवत होता. मी ओव्याचं पाणी पीत होते आणि ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण बारसं माझ्या हातात होतं आणि मला आजारी पडायला वेळ नव्हता.

त्यानंतर सात दिवसांनी, सकाळी आठला मी थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. वहीत लिहिलं. पेन्सिल, पेन.

साडेनऊला मावशींनी त्याला पायांवर घेतलं. तेलाचा पहिलाच हात फिरवला आणि त्या थांबल्या.

"बाई, आज पोराचा आंग येगळा लागताय."

"येगळा म्हणजे?"

"गरम हाय. पानी घालायच्या आदीच गरम. आनि बगा, उचलला का रडताय. रोज उचलला का गप होतो, आज उचलला का रडताय."

मी म्हणाले, "मावशी, तुमचे हात शेगडीवरून आलेत. तेलाची वाटी धरलीत ना आत्ता."

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माजे हात रोजच शेगडीवरना येतात, बाई."

हे वाक्य मी चार वर्षं ऐकते आहे. तेव्हा मला ते फक्त उलट उत्तर वाटलं. आठ वाजताचा आकडा माझ्यासमोर पेनाने लिहिलेला होता, आणि ज्या बाईला आकडा वाचता येत नव्हता तिच्या हाताने तो खोटा कसा ठरेल, असं मला वाटलं. मी म्हणाले, "आंघोळ घाला तुम्ही. पाणी थोडं कोमट ठेवा." त्यांनी घातली, पण रोजच्यासारखं गाणं म्हटलं नाही. आंघोळीनंतर ओव्याची धुरी दिली, तीही अगदी थोडी. मग त्याला माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "त्या काचेच्यानं बगा तरी."

मी बघितलं. शंभर पॉइंट आठ.

वही उघडून पेन्सिलीने लिहिलं: दहा वाजता, १००.८. लिहिलं आणि थांबले. ही नोंदीची वेळच नव्हती. गरम पाणी, शेगडी, धुरी, वर घट्ट गुंडाळलेलं दुपटं. अशा वेळी घेतलेला ताप धरायचा नसतो हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. मी दुपटं सैल केलं, पंखा एकवर लावला आणि एक तास थांबले. अकराला पुन्हा लावला. नव्व्याण्णव पॉइंट दोन.

मी खोडरबर घेतलं, दहा वाजताची ओळ पुसली, आणि त्याच जागी अकराचा आकडा लिहून त्यावर पेन फिरवलं.

मला यात काही लपवायचं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मला फक्त पान नीट हवं होतं. पण मावशी जाताना दारात चपला घालत म्हणाल्या, "काय आला?" आणि मी म्हणाले, "काही नाही. नॉर्मल आहे." तेव्हा मला बरं वाटलं, आणि ते ताप नाही म्हणून नव्हे, माझं खरं ठरलं म्हणून वाटलं. हे लिहायला मला या पानावर दोन दिवस लागले.

दुपारभर तो झोपला. मी 'झोप' या रकान्यात मोठी रेघ ओढली आणि आजोबांना म्हणाले, "आज शहाण्यासारखा झोपलाय." चार वाजता तुझी आई म्हणाली, "आई, हा पितच नाहीये. तोंडात घेतो आणि सोडतो." मी म्हणाले, "सहाला बघू ताप." सहा ही वेळ होती ना.

सहाला एकशे दोन होता. तळहात आणि तळपाय लालभडक झाले होते, कुंकू लावल्यासारखे, आणि पोटऱ्या मात्र गार होत्या, त्यांच्यावर निळसर जाळी दिसत होती. आजोबांनी रिक्षा आणली. तुझी आई बाळाला घेऊन मध्ये बसली, मी एका बाजूला आणि आजोबा तुला मांडीवर घेऊन दुसऱ्या बाजूला. बाजाराच्या वळणावर तो ताठ झाला. डोळे एका बाजूला लागले, उजवा हात बारीक बारीक उडायला लागला, आणि ओठ निळे पडले. किती वेळ ते मला सांगता येत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी घड्याळाकडे बघितलं नव्हतं. तुझी आई "आई गं, आई गं" एवढंच म्हणत होती. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं आणि हॉर्नवरचा हात काढलाच नाही. दवाखान्याच्या पायरीशी पोचेपर्यंत तो पुन्हा श्वास घेत होता.

डॉक्टर तरुण होते. बाळाला ऑक्सिजन लावून, सुई टोचून ते बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "ताप कधीपासून आहे?"

तुझी आई माझ्याकडे बघायला लागली. मी पिशवीतून वही काढून दिली. त्यांनी शेवटचं पान वाचलं आणि म्हणाले, "छान ठेवलीय वही. आमच्या सिस्टर्सना दाखवायला हवी. म्हणजे सकाळी ताप नव्हता?"

मी म्हणाले, "नव्हता."

एवढाच शब्द. वही त्यांच्या हातात होती, मावशी त्यांच्या वाडीत होत्या, आणि घरात दुसऱ्या कोणी तो आकडा बघितला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला सर्दी, जुलाब, काही?"

आणि ताई, मी लगेच तुझ्याकडे बोट दाखवलं. क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाले, "ही मोठी. हिला दहा-बारा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते. दिवसभर त्याच्या पाळण्याला लटकलेली असते. हिच्याकडूनच आलं असणार." मी माझ्या घशाबद्दल बोलले नाही. तीस बायकांबद्दल बोलले नाही. सकाळबद्दल तर नाहीच.

तू आजोबांचा हात धरून उभी होतीस. पिवळा फ्रॉक होता, एका पायात मोजा आणि एका पायात नाही, कारण निघताना कोणाचं लक्ष नव्हतं. तू विचारलंस, "म्हणजे मी दिलं?"

डॉक्टर आत वळले होते, तुझी आई त्यांच्यामागे धावली होती. मी वही पिशवीत ठेवत होते. मी तुझं वाक्य ऐकलं, आणि आत्ता नको, नंतर बोलू, असं मनाशी म्हटलं. ते 'नंतर' चार वर्षांनी आलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अँब्युलन्सने कोल्हापूरला हलवलं. तू आजोबांबरोबर रत्नागिरीला राहिलीस. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. पालीला गाडी हळू झाली तेव्हा स्टँडवर एसटीची वाट बघणारी माणसं होती. मावशीही असतील का, हे मी बघितलं नाही. मी मान खाली घालून वही चाळत होते. नंतर घाट लागला.

कोल्हापूरला त्याला काचेच्या पलीकडे ठेवलं. तुझे बाबा पुण्याहून परस्पर आले होते. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, रक्त तपासलं. जंतू सापडेना. तरी अँटिबायोटिक चालू ठेवलं, कारण एवढ्याशा बाळात थांबून बघता येत नाही. पाचव्या दिवशी बाहेरगावच्या लॅबमधून रिपोर्ट आला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. त्या म्हणाल्या, पॅरेकोव्हायरस. मी स्पेलिंग विचारलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं. तो कागदही वहीत आहे.

त्यांनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण ताई, यात तुझ्या कामाचं आहे. हा विषाणू सगळीकडे असतो. मोठ्यांना झाला तर कळतही नाही, फार तर घसा धरतो. मुलांना सर्दी होते, जुलाब होतात, दोन दिवसांत बरी होतात. बहुतेक मुलांना तो लहानपणी कधी ना कधी होऊन जातो. फक्त पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळांमध्ये तो कधी कधी रक्तात आणि मेंदूपर्यंत जातो. तेव्हा बाळ तापतं, लाल होतं, चिडतं, उचललं की रडतं. त्यावर औषध नाही. श्वास, झटके, पाणी सांभाळायचं आणि वाट बघायची.

"उचललं की रडतं," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी खुर्चीची कड धरली.

तुझ्या बाबांनी विचारलं, "कोणाकडून आला असेल?" त्या म्हणाल्या, "घरात आलेल्या कोणाकडूनही. ज्याला काहीच झालं नाही त्याच्याकडूनही. ते शोधत बसू नका, सापडत नाही." मी म्हणाले, "आम्ही सगळ्यांना सॅनिटायझर लावलं होतं." त्या म्हणाल्या, "या विषाणूवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, आजी. साबण आणि वाहतं पाणी." बारशाला आमच्या बेसिनपाशी मी पाट आडवा टाकला होता, पाण्याने फरशी ओली होऊ नये म्हणून.

सगळे उठले तेव्हा मी मागे राहिले. विचारलं, "समजा, एखाद्या घरात आठ तास आधी लक्षात आलं असतं, तर?"

"कुठल्या घरात?"

"असंच विचारते."

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "औषध तेव्हाही नसतंच. पण झटका आला तेव्हा बाळ आमच्या हाताशी असतं, रिक्षात नाही. त्याने पुढचं काय बदललं असतं हे मीही सांगू शकत नाही. पण दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एकदा जरी शंभर पॉइंट चारच्या वर दिसला, तरी कपडे काढून, पंखा लावून परत मोजत बसायचं नाही. निघायचं."

मी मान हलवली. वर्गात न कळलेली मुलंही अशीच मान हलवत.

त्याच्या मेंदूचा एमआरआय झाला, त्यात पांढऱ्या भागात काही ठिपके होते. त्यांचं पुढे काय होईल हे तेव्हा कोणी सांगेना. धाकट्या, तू विसाव्या महिन्यात चालायला लागलास. तुझा उजवा पाय अजून थोडा ओढतो आणि रोज आई तुझ्याकडून तो व्यायाम करून घेते, ज्याचा तुला राग येतो. बाकी तू बोलतोस, भांडतोस, ताईला चिडवतोस. डॉक्टर म्हणतात पुष्कळ चांगलं झालं. ठिपके कशाने झाले, विषाणूने की त्या रिक्षातल्या निळ्या ओठांनी, हे मला कळणार नाही. मी तुझ्या पायाकडे बघते तेव्हा दोन्हीचा विचार करते.

तीन आठवड्यांनी आम्ही घरी आलो. ताई, तू बाळाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहायचीस. आत ये म्हटलं तर आधी हात धुवून यायचीस, आणि तरीही आत यायची नाहीस. तुझे हात धुऊन धुऊन कोरडे पडले होते, बोटांच्या पेरांवर भेगा होत्या. मी आलेल्या-गेलेल्यांना कौतुकाने सांगत असे, "बघा, केवढीशी आहे पण किती समज आहे." एकदा आजोबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, ती मला विचारत होती, परत जुलाब झाले तर सांगू की नको. तू बोल तिच्याशी." मी बोलते म्हटलं. त्या महिन्यात औषधांच्या वेळा होत्या, कोल्हापूरच्या फेऱ्या होत्या. मग तुम्ही पुण्याला गेलात आणि मग इतके लांब, परदेशात.

मावशींना मी परत बोलावलंच नाही. त्या दोनदा येऊन दारातून विचारून गेल्या. मी सांगितलं, "आता डॉक्टरांनी मालिश बंद सांगितलंय." डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. मला त्यांच्यासमोर उभं राहता येत नव्हतं.

रविवारच्या तुमच्या फोननंतर बुधवारी मी एसटीने गेले. आजोबा येतो म्हणाले, मी नको म्हटलं. पालीच्या आधी उतरून वाडीत विचारत विचारत घर काढलं. मावशी पडवीत सुपात कुळीथ पाखडत बसल्या होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं.

"बाई? तुमी हकडं? पोर बरा हाय ना?"

आधी त्यांनी हेच विचारलं. मी म्हणाले, बरा आहे, पळतो. मग मी सांगितलं. त्या दिवशी काचेच्यात ताप आला होता, मी तुम्हाला नाही म्हणाले, आणि पुसून टाकला. तुमचं बरोबर होतं.

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, "मना वाटला, माज्या हातानं काय झाला. तुमी परत बोलावलात नाय, तवा मी समाजली, बाईंना म्हाईत हाय, माज्या हातानं झाला, पन बाई बोलत नायत."

"नाही हो."

"त्याच्यानंतर कोनाचा पोर पायावं घेतला नाय मी." मग जरा हसून त्या म्हणाल्या, "गुडघं पन ग्येलं म्हना. बसवत नाय आता."

त्यांनी चहा केला. मी पीत असताना त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाई, पोरगीला सांगितलात? ती मोटी? ती तवा माज्याकडं आल्ती मोरीत. मना म्हनाली, मावशी, हात चोळून द्या, माज्या हातातला जाईल काय."

मला हे माहीत नव्हतं. तू त्यांच्याकडे गेली होतीस, माझ्याकडे नाही.

घरी येऊन मी वही काढली. उजेडाकडे तिरकी धरली की अकराच्या नोंदीखाली अजून दिसतं: १००.८. खोडरबराने शिसं जातं, दाब जात नाही. आजोबा शेजारी बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं, चार वर्षांनी. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "जहाजावर आम्हाला पुसायची परवानगीच नसायची. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, वाचता येईल अशी, आणि बाजूला सही."

मी तसंच केलं आहे. अकराची ओळ आहे तशीच ठेवली, ती खोटी नव्हती. तिच्या वर, अरुंद जागेत, पेनाने लिहिलं: सकाळी दहा, १००.८, मावशींच्या सांगण्यावरून पाहिला. आणि बाजूला सही. 'डॉक्टरांना सांगितलं' असं काही मी लिहू शकत नाही. त्या पानाचा फोटो या कागदांबरोबर पाठवते आहे. तो तुझ्या आईने बघावा, आणि तिला माझा राग आला तर तो यायलाच हवा.

ताई, कोणी दिलं हे कोणालाच माहीत नाही. तू असशील, मी असेन, ती बोट चोखायला देणारी असेल. तू सहा वर्षांची होतीस, तुला जुलाब झाले, आणि जवळ जायची परवानगी तू माझ्याकडे मागितली होतीस. ती मी दिली. त्या संध्याकाळी तू विचारलंस, "म्हणजे मी दिलं?" तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं, पण माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि मी ते पिशवीत ठेवलं.

आईची मैत्रीण पुन्हा येईल. आल्यावर साबण लाव, बोटांच्या मधे, अंगठ्याच्या मागे, वाहत्या पाण्याखाली. एकदाच. मग हात पुस आणि तिला विचार, बाळाला घेऊ का. ती हो म्हणाली तर खाली मांडी घालून बस आणि घे.